कार्बाइडचा पंच : काठिण्य आणि चिवटपणा

'कार्बाइड' हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांना आंब्यांची आढी आठवेल. आंबे झटपट पिकावे म्हणून कांहीं लोभी व्यापारी पेटींत जीं करड्या रंगाचीं ढेकळें दडवितात, आणि ज्यांच्या अशा वापरास कायद्यानें बंदी आहे, तीं कॅल्शियम कार्बाइडचीं. जुन्या काळीं याच ढेकळांवर पाण्याचे थेंब पाडून निघणाऱ्या वायूवर सायकलींचे दिवे जळत. आज मी ज्या कार्बाइडविषयीं बोलणार आहें, तें याच घराण्यांतलें, परंतु स्वभावानें अगदीं उलट आहे. पहिलें पाणी लागतांच फसफसून त्याचा भुगा होतो. दुसऱ्यावर पोलादाची कानस चालविली तर कानसच बोथट होते. पहिल्यांत कर्बाचा कॅल्शियमशीं संयोग झालेला असतो, दुसऱ्यांत टंगस्टन या जड धातूशीं. या टंगस्टन कार्बाइडपासून कारखान्यांत पत्रा कापणारे व घडविणारे पंच बनवितात. ते कसे बनतात, इतके टिकतात कां, आणि इतके कठीण असूनही एका क्षणांत मोडतात कां, हें आज आपण पाहूं या.

प्रथम पंच म्हणजे काय तें सांगतों. स्वयंपाकघरांत मोठी पोळी लाटून तीवर वाटी दाबून एकसारख्या पुऱ्या कापतात, तें डोळ्यांपुढें आणावें. किंवा आगगाडींत तिकीट तपासनीस पूर्वीं ज्या चिमट्यानें पुठ्ठ्याच्या तिकिटाला भोंक पाडीत असे, तो चिमटा आठवावा. वरून दाबणारें जें हत्यार तो पंच. खालीं त्याच्याच आकाराचें, पण किंचित् मोठें भोंक असलेला जो ठोकळा ती डाय. दोहोंच्या मध्यें धातूचा पत्रा सरकवून वरून यंत्राचा दाब दिला, कीं हवा तो तुकडा खालीं पडतो आणि पत्र्यांत भोंक राहतें. हा दाब देणाऱ्या यंत्राला कारखान्यांत 'पॉवर प्रेस' म्हणतात. जेथें कापावयाचें नसून पत्र्याला खोलगट, वांकडा किंवा नळीसारखा आकार द्यावयाचा असतो, तेथेंही वरून येणाऱ्या हत्याराला पंच असेंच नांव आहे.

या हत्याराशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. आपल्या डोक्यावर फिरणारा विजेचा पंखा पाहावा. त्याच्या मोटारींतील लोखंडी गाभा एकसंध ओतलेला नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून तो केलेला असतो. चकतीची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एक सेंटीमीटर उंचीच्या गठ्ठ्यांत निदान २० चकत्या बसतात. प्रत्येक चकतीवर वीज न वाहूं देणारा पातळ लेप असतो. गाभा एकसंध असता, तर बदलत्या चुंबकत्वामुळें त्याच्या पोटांत विजेचे भोंवरे उठले असते आणि आपण पैसे मोजून घेतलेली वीज पंखा फिरविण्याऐवजीं लोखंड तापविण्यांत गेली असती. चकत्या वेगळ्या ठेवल्या म्हणजे हे भोंवरे लहान लहान कप्प्यांत कोंडले जातात. पाण्याचा पंप, मिक्सर, शीतकपाट, विजेवर चालणारी मोटारगाडी, रस्त्यावरील रोहित्र, या सर्वांच्या पोटांत असे गठ्ठे आहेत. रोहित्राचा गाभा पुष्कळदां लांब पट्ट्या कापून रचतात. मोटारींच्या चकत्या मात्र आणि त्यांतील प्रत्येक खांच बहुधा पंचानेंच पाडलेली असते.

आतां पंचाचा एक वार सावकाश करून पाहूं. पंच पत्र्याला टेकतो तेव्हां पत्रा प्रथम नुसता दबतो. या वेळीं पंच मागें घेतला, तर तो पुन्हां सरळ होईल. दाब वाढला कीं पंचाची धार पत्र्यांत शिरूं लागते आणि कापाची बाजू घासून चकचकीत होते. शेवटीं वरच्या धारेपासून एक व खालच्या धारेपासून एक अशा दोन चिरा निघून एकमेकींना भेटतात, आणि उरलेली जाडी एकदम तुटते. म्हणून कापलेल्या तुकड्याच्या कडेला भिंगाखालीं पाहिलें, तर एक चकचकीत पट्टा आणि त्याला लागून एक खडबडीत पट्टा स्पष्ट दिसतो. पंच पूर्ण जाडी कापीत नाहीं. कांहीं भाग कापतो आणि उरलेला तोडतो.

या दोन चिरा नेमक्या भेटाव्या यासाठीं पंच आणि डाय यांच्यामध्यें ठराविक फट ठेवावी लागते. कारखान्यांत तिला 'क्लिअरन्स' म्हणतात. फट फार झाली तर काय होतें, हें ज्यांच्या घरीं अडकित्ता आहे त्यांना सांगावयास नको. खिळ ढिली झालेला अडकित्ता सुपारी कातरीत नाहीं, चुरडतो. पत्र्याचेंही तसेंच होतें. सामान्यतः ही फट एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या शेंकडा ५ ते १० इतकी ठेवितात. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला शेंकडा ५ या मानानें ती एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग भरते. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणें याच्या तिप्पट असते. एवढी बारीक फट पंचाच्या चारी बाजूंना सारखी राखावयाची, आणि तीही यंत्र धडधडत असतांना.

पंचावर येणारा भार किती असतो, याचा एक साधा हिशेब करूं. सौम्य पोलादाचा दर चौरस मिलिमीटर कापावयास सुमारें ३५ किलोग्रॅम भार लागतो असें धरा. २ मिलिमीटर जाड पत्र्याला २ मिलिमीटर व्यासाचें भोंक पाडावयाचें, तर भोंकाचा घेर ६·२८ मिलिमीटर. त्याला जाडीनें गुणलें म्हणजे कापावयाचें क्षेत्र साडेबारा चौरस मिलिमीटर झालें. भार आला ४४० किलोग्रॅम. म्हणजे चार-पांच क्विंटलांचें ओझें काडीएवढ्या पंचानें डोक्यावर घ्यावयाचें. पंचाच्या टोंकाचें क्षेत्र तीन चौरस मिलिमीटरांहून थोडेंच अधिक, तेव्हां प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १४० किलोग्रॅम दाब पडला. भोंक जितकें अरुंद आणि पत्रा जितका जाड, तितकी पंचाची कसोटी अधिक.

आणि हें एकदां नव्हे. मिनिटाला ३०० वार करणारें यंत्र आज मंदच म्हणावें लागेल. तरी त्याच वेगानें आठ तासांच्या एका पाळींत १ लक्ष ४४ हजार वार होतात. प्रत्येक वारांत धार थोडी झिजते. त्यांतून मोटारीच्या चकत्यांचा पत्रा विशेष वाईट. त्यांतील सिलिकॉन आणि वरचा कठीण लेप धारेला वाळूच्या कागदासारखा खातो. धार गोलावली कीं पत्रा स्वच्छ तुटत नाहीं. भोंकाच्या कांठावर धातूची एक बारीक, टोंचणारी कड उभी राहते. तिला कामगार 'बर' म्हणतात. हाताला ओरखडा काढते एवढाच तिचा दोष असता, तर ती कानशीनें घासून चाललें असतें. पण गठ्ठा दाबला कीं ही कड शेजारच्या चकतीचा लेप भेदून तिला भिडते, आणि जे विजेचे भोंवरे कोंडण्यासाठीं इतका खटाटोप केला, त्यांना वाट मिळते. मोटार तापूं लागते, विजेचा खर्च वाढतो. बोथट पंचाचा दंड कारखानदार एकदां भरतो. ग्राहक तो वर्षानुवर्षें विजेच्या बिलांत भरीत राहतो.

म्हणून पोलादाहून कठीण असें कांहीं हवें होतें. तें ज्या मार्गानें सांपडलें, तो मार्ग मोठा मनोरंजक आहे. टंगस्टन हा स्वीडिश शब्द असून त्याचा अर्थ 'जड दगड' असा आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शीले यानें १७८१ सालीं एका जड खनिजांतून त्याचें आम्ल वेगळें केलें, आणि १७८३ सालीं स्पेनमधील बेर्गारा येथें एल्हुयार बंधूंनीं प्रत्यक्ष धातु मिळविला. त्याला वितळावयास ३,४२२ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते; इतकी उष्णता दुसऱ्या कोणत्याही धातूला लागत नाहीं. पुढें शंभर वर्षांनीं फ्रान्समध्यें आंरी म्वासाँ यानें विजेच्या ठिणगीची भट्टी सिद्ध केली. कृत्रिम हिरे करावे ही त्याची उमेद होती. त्या भट्टींतून १८९२ सालीं आंबेवाल्यांचें कॅल्शियम कार्बाइड बाहेर पडलें, आणि त्याच दशकांत टंगस्टन कार्बाइडही. म्हणून आरंभीं मीं त्यांना एका घराण्यांतलीं म्हटलें. म्वासाँला १९०६ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें टंगस्टन कार्बाइड हिऱ्याच्या पाठोपाठ कठीण होतें खरें, पण भट्टींतून निघालेला गोळा ठिसूळ असे. घाव बसला कीं फुटावयाचा. कठीण पदार्थ हातीं आला, पण त्याचें हत्यार होईना.

तो प्रश्न सुटला विजेच्या दिव्यांच्या कारखान्यांत. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम कूलिज यांनीं टंगस्टनची तार ओढण्याची युक्ति काढली, आणि दिव्यांत टंगस्टनची तार आली. ही केसाहून बारीक तार ओढण्यासाठीं हिऱ्याला भोंक पाडून त्याच्या जंत्र्या कराव्या लागत. सोनार ज्या जंत्रीच्या भोंकांतून तार ओढतो, तिचाच हा प्रकार. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला हिरे परवडत ना. तेव्हां बर्लिनमधील ऑस्रम या दिव्यांच्या कंपनींत कार्ल श्रोटर यानें टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड घेतली, तींत थोडी कोबाल्ट धातूची पूड मिसळली, मिश्रण दाबून भाजलें, आणि १९२३ सालीं त्याचें पेटंट मागितलें. क्रुप कंपनीनें तें विकत घेऊन १९२६-२७ पासून 'विडिया' या नांवानें बाजारांत आणलें. हें नांव 'हिऱ्यासारखें' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांपासून बनविलें आहे. कित्येक देशांतील कारागीर कार्बाइडच्या हत्याराला अजूनही विडियाच म्हणतात.

या शोधाची किंमत मात्र लोकांकडून पुरेपूर वसूल करण्यांत आली. १९२८ सालीं क्रुप आणि अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक यांच्यांत करार झाला. पूर्वीं पौंडाला ५० डॉलरांच्या आसपास मिळणारा हा माल अमेरिकेंत पुढें ४५३ डॉलरांपर्यंत चढला. त्या वेळीं सोन्याचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट होता, म्हणजे पौंडभर सोनें सुमारें ३०० डॉलरांना पडे! सोन्याच्या दीडपट भावानें घेतलेल्या हत्यारानें किती कारखानदार काम करणार? अखेर प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९४८ सालीं त्या कंपनीला मक्तेदारीबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. दरम्यान भाव उतरले होते, आणि कार्बाइड सामान्य कारखान्याच्या आटोक्यांत आलें होतें.

श्रोटरनें केलें तरी काय? हें समजण्यासाठीं संक्रांतीच्या तिळाच्या वडीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. तीळ म्हणजे कार्बाइडचे कण, गुळाचा पाक म्हणजे कोबाल्ट. तीळ एकमेकांना आपण होऊन चिकटत नाहींत. पाक प्रत्येक तिळाभोंवतीं बसून त्यांना बांधतो. पाक थोडा पडला तर वडी कडक होते, पण हातांत घेतांच तुटते. पाक फार झाला तर वडी तुटत नाहीं, पण मऊ पडते. हाच न्याय येथें. लेथवर धातु कातणाऱ्या हत्यारांत कोबाल्ट शेंकडा ६ च्या आसपास असतो, कारण तेथें धक्का कमी आणि घर्षण अधिक. पंचाला दर क्षणीं घाव सोसावयाचा असतो, म्हणून त्यांत कोबाल्ट शेंकडा १० पासून २५ पर्यंत घालतात. बोल्टाचें डोकें ठोकून घडविणाऱ्या हत्यारांत सर्वांत अधिक. कणांचा आकारही महत्त्वाचा. बारीक कणांनीं धार तीक्ष्ण राहते, भरड कणांनीं आघात अधिक सोसतो.

आतां कृति ऐका. टंगस्टनच्या शुद्ध संयुगावर तापलेला हायड्रोजन वायु सोडून धातूची करडी पूड करतात. तींत काजळीसारखा शुद्ध कर्ब मिसळून १,४०० अंशांच्या वर तापविलें कीं टंगस्टन कार्बाइड बनतें. ही पूड व कोबाल्टची पूड गोळ्या घातलेल्या फिरत्या पिंपांत पुष्कळ तास दळतात, त्यांत थोडें मेण घालतात, आणि सांच्यांत दाबून पंचाचा ओबडधोबड आकार देतात. या अवस्थेंत तुकडा खडूसारखा असतो. नखानेंही त्याचा कण उडेल. कुंभार कच्चें मडकें भट्टींत घालतो तसा हा तुकडा सुमारें १,३५० ते १,५०० अंशांच्या बंद भट्टींत ठेवितात. कार्बाइड वितळत नाहीं. त्याच्या सान्निध्यांतला कोबाल्ट मात्र पातळ होऊन कणांच्या फटींत शिरतो आणि त्यांना जवळ ओढतो. त्यामुळें तुकडा प्रत्येक बाजूनें शेंकडा १७ ते २० इतका आकसतो. घालतांना १०० मिलिमीटर लांब असलेला पंच निघतांना ८० ते ८३ मिलिमीटर भरतो, आणि त्याचा घन आकार तर जवळ जवळ निम्मा होतो. हें आकसणें आधींच हिशेबांत धरून सांचा करावा लागतो.

भट्टींतून निघालेला पंच पोलादाच्या जवळ जवळ दुप्पट जड आणि सुमारें तिप्पट ताठ असतो. म्हणजे तेवढ्याच भारानें पोलादी दांडा जितका दबेल, त्याच्या एकतृतीयांशच हा दबतो. आतां याला अखेरचें माप द्यावयाचें, तर हिऱ्याच्या कणांचें चाक हवें. दुसरा मार्ग विजेच्या ठिणगीचा. सोव्हिएत रशियांत बोरिस व नताल्या लाझारेंको या दांपत्यानें १९४३ च्या सुमारास हा मार्ग शोधला. तेलांत किंवा पाण्यांत बुडविलेल्या धातूवर ठिणग्या पाडून त्याचे कण उडवितात. त्यांत हत्यार कठीण कीं मऊ हा प्रश्नच उरत नाहीं. पण ठिणगीनें पृष्ठावर अतिसूक्ष्म तडे राहतात. म्हणून चांगला कारागीर नंतर तो थर घासून पॉलिश करून काढतो. आरशासारखी गुळगुळीत बाजू ही येथें शोभेसाठीं नसते. तडा जेथून सुरू व्हावयाचा ती जागाच नाहींशी करण्यासाठीं असते.

असा पंच चकत्यांच्या कामाला लावला, म्हणजे पोलादी पंचाच्या बहुधा दहापट किंवा त्याहून अधिक वार एका धारेवर होतात. पत्रा घडविण्याच्या कामांतही त्याची कदर आहे. शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे डबे एकाच चकतीपासून ओढून काढलेले असतात. चकतीची प्रथम वाटी करतात, आणि मग लांब पंच ती वाटी एकामागून एक अरुंद होत जाणाऱ्या कड्यांतून ढकलतो, तेव्हां भिंत कागदासारखी पातळ होते. हा पंच आणि हीं कडीं बहुधा कार्बाइडचीं असतात. ॲल्युमिनियम पोलादाला चिकटून ओरबाडे काढतो. कार्बाइडला तो सहजासहजीं चिकटत नाहीं.

मग प्रत्येक पंच कार्बाइडचाच कां करीत नाहींत? या प्रश्नांतच आजच्या विषयाचें मर्म आहे. काठिण्य म्हणजे बळ नव्हे. आपलीं हेमाडपंती देवळें पाहा. दगडी खांबावर कितीही भार ठेवा, तो सोसतो. पण दगडाची तुळई लांब केली तर ती मधोमध तडकते. म्हणून त्या देवळांत खांब जवळ जवळ उभे केलेले दिसतात. कार्बाइडही दगडाच्या जातीचें आहे. दाबलें तर पोलादाहून अधिक सोसतें. ताणलें किंवा वांकविलें तर पोलाद जेथें किंचित् लवून वेळ निभावतें, तेथें हें न लवतां मोडतें.

आणि पंचाला ताण दोनदां बसतो. घट्ट बसलेलें दार खांद्यानें रेटावें, आणि तें अचानक उघडून आपण आंत कोलमडावें, असा अनुभव सर्वांना असेल. पत्रा तुटण्याच्या क्षणीं यंत्राचें तसेंच होतें. दाबानें ताणलेला यंत्राचा सांगाडा एकदम सुटतो आणि पंचाला खालीं हिसका बसतो. दुसरा ताण परततांना. भोंक पाडल्यावर पत्रा किंचित् आकसून पंचाला आवळतो. त्याला धरून ठेवणारी पट्टी असते, तींतून पंच उपसून काढावा लागतो. यंत्राचा दांडा जुना होऊन डुलत असेल, मार्गदर्शक खांब झिजले असतील, पत्रा तिरपा सरकला असेल, तर या ताणांत वांकणें मिसळतें. आणि मग दहा लाख वारांची आशा धरलेला पंच दहाव्या वारालाच कड् करून तुटतो.

म्हणून शहाणे लोक कार्बाइडला एकटें सोडीत नाहींत. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवितो. निवतांना ती आकसून लांकडी चाकाला चारी बाजूंनीं आवळते. कार्बाइडच्या डायभोंवतीं पोलादाचें कडें याच रीतीनें बसवितात. तें बाहेरून सतत दाबून ठेवतें, त्यामुळें आंतून येणारा ताण प्रथम त्या दाबांतच जिरतो. पंचाचें डोकें व मान यांच्या सांध्यांत काटकोन न ठेवतां गोलाई देतात, लांबी होईल तितकी आंखूड ठेवतात, आणि त्याला शेवटपर्यंत आधार देतात. कणांना कोबाल्टचा, डायला कड्याचा, पंचाला सरळ चालणाऱ्या यंत्राचा, असे आधारावर आधार दिले म्हणजे मग तें काठिण्य कामाला येतें.

माझा एक जुना विद्यार्थी डाय बनविण्याच्या धंद्यांत आहे. नवा उमेदवार आला कीं तो त्याला पंचाऐवजीं डायखालीं पडलेले तुकडे पाहावयास बसवितो. तुकड्याच्या कडेचा चकचकीत पट्टा चोहोंकडून सारखा असेल तर पंच मध्यावर आहे. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर फट सारखी नाहीं. कांठावर बर वाढूं लागली तर धारेची वेळ झाली. मोडण्यापूर्वीं पंच अशा खुणांनीं सांगत असतो, पाहणारा हवा. धार लावण्याचें काम 'अजून चालतें आहे' म्हणून लांबणीवर टाकलें, तर गोलावलेली धार अधिक जोर मागते, आणि दोन केस घासून भागलें असतें तेथें सबंध पंच जातो. कोठें कार्बाइड घ्यावें आणि कोठें घेऊं नये, हेंही त्यानेंच मला उलगडून सांगितलें. हजार-दोन हजार नगांचें काम आणि जुनें यंत्र असेल, तर साधें हत्यारी पोलाद बरें. तें झिजेल, पण आपत्काळीं लवेल.

आतां जी गोष्ट कारखान्याच्या हिशेबवहींत चढत नाहीं, ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. कार्बाइड कोरडें घासलें कीं हवेंत अत्यंत सूक्ष्म धूळ उडते, आणि तींतला कोबाल्ट फुप्फुसाला घातक आहे. या धुळींत काम करणाऱ्यांना होणारा फुप्फुसाचा विकार १९४० सालींच जर्मनींत नोंदला गेला. पुढें २००६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें टंगस्टन कार्बाइडसह कोबाल्टचा समावेश बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांत केला. उपाय अवघड नाहींत. घासतांना पाण्याची किंवा तेलाची धार सोडावी, धूळ जागच्या जागीं ओढून घेणारा पंखा असावा, योग्य मुखवटा असावा, आणि जमिनीवरची धूळ झाडूनें उडवूं नये, ओली करून किंवा यंत्रानें ओढून घ्यावी. प्रेसवर बसणाऱ्याच्या हातांसाठीं दोन्ही हातांनीं एकदम दाबावयाचीं बटणें, आणि हात आंत जातांच यंत्र थांबविणारा प्रकाशाचा पडदा, हीं साधनें आज उपलब्ध आहेत. मोडलेल्या पंचाचा तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून समोर मजबूत आडोसा व डोळ्यांना चष्मा हवाच. जो मालक पंचाला आधार देण्यासाठीं केसाच्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब करतो, त्यानें तो पंच घासणाऱ्याच्या श्वासाचा हिशेब करूं नये, हें योग्य नव्हे. पंच मोडला तर दुसरा मिळतो.

आपल्या देशाचा या मालाशीं संबंध जुना आहे. १९६० सालीं स्वीडनच्या सँडविक कंपनीचा उद्योग पुण्याजवळ दापोडीस आला, आणि १९६४ सालीं बंगळूरला विडियाची भारतीय कंपनी स्थापन झाली. पुणें-पिंपरी-भोसरीच्या परिसरांतील असंख्य लहान कारखाने मोटारींचे भाग ठोकून काढतात, ते या हत्यारांच्या जोरावर. पण कच्च्या मालाविषयीं आपण परावलंबी आहों. राजस्थानांतील देगाणा येथें पूर्वीं टंगस्टनची खाण चालत असे. आपल्या नागपूर जिल्ह्यांत कुही-खोबना भागांतही हें खनिज आढळलें आहे. तथापि जगांतील टंगस्टनचा सुमारें चारपंचमांश भाग एकटा चीन काढतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें त्यानें निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें. कोबाल्टचा बहुतेक पुरवठा आफ्रिकेंतील कांगोमधून होतो. म्हणून झिजलेला वा मोडलेला कार्बाइडचा तुकडा भंगारांत लोखंडाबरोबर टाकणें म्हणजे पैसा फेंकणें होय. त्यांतील पूड पुन्हां वेगळी काढतां येते, आणि तिचा पुन्हां पंच होतो.

श्रोतेहो, टंगस्टन कार्बाइड म्वासाँच्या काळींही आजच्या इतकेंच कठीण होतें. पण सुमारें पंचवीस वर्षें तें कोणाच्या उपयोगीं पडलें नाहीं. त्याला मऊ कोबाल्टची संगत मिळाली तेव्हां तें हत्यार झालें. सरळ यंत्र, वेळेवर लावलेली धार आणि डोळस कामगार मिळाला, म्हणजे तें दीर्घायुषी होतें. यांतील एकही आधार काढला, तर हिऱ्याशीं स्पर्धा करणारा हा पदार्थ कांचेच्या बांगडीसारखा तुटतो. आपल्या घरचा एखादा मुलगा वा मुलगी यंत्रांच्या विद्येकडे वळत असेल, तर त्यांना एवढें अवश्य सांगावें, कीं हत्यार किती कठीण आहे हें शेवटीं विचारावें. त्याला आधार कशाचा आहे, आणि तें चालविणारा माणूस सुरक्षित आहे काय, हें आधीं विचारावें.